नाड्यावरच्या कोकिळाचं गणित

मी हे लिहिणारच नव्हते. दोनदा सुरू केलं आणि दोनदा पुसून टाकलं. कोकिळाबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "नापास बाईनं काय लिखस वं? पास व्हयेलस्नं लिख, ते तरी कोनी वाची." पण परवा त्यांच्याकडून आल्यापासून डोक्यातून जातच नाही, आणि थांबून विचार केला तर तिसऱ्यांदा पुसेन. म्हणून एका दमात सांगून टाकते.

तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता, धुळ्याच्याच पोटात होता सगळा. तापीकाठच्या एका गुजर गावात दोधू पाटलांची कोकिळा ही एकुलती एक. मुलगा नाही, आणि पाटलांच्या गुडघ्यात वात. केळी आणि ऊस म्हणजे पाणी पाहिजे, आणि पाणी म्हणजे मोट. कातड्याची ती मोठी बादली विहिरीत सोडायची, तिचा जाड दोर म्हणजे नाडा चाकावरून घेऊन बैलांना जोडायचा, आणि बैल विहिरीपासून लांब, उतारावरून खाली न्यायचे. त्या उताराला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर. पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या दगडी कुंडात, पडलं की बैल मागे-मागे चढ चढून परत विहिरीपाशी. दिवसभर हेच.

दोधू पाटलांना धाव चढवेना, म्हणून बारा वर्षांची असल्यापासून मोट कोकिळाच हाकायची. आणि मोट हाकणारा कधी बैलांमागून नुसता चालत जात नाही. बैल उताराला लागले की तो ताणलेल्या नाड्यावर बसतो. तेवढंच बैलांना हलकं जातं. आपल्याकडे सगळे असंच करायचे, कुणी शिकवत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. कोकिळा पण फटकन उडी मारून नाड्यावर बसायची, लुगड्याचा काचा मारून. बाया नदीवर जाता जाता बोलायच्या, "दोधू पाटीलनी पोर नही, तिसरा बैल शे!" आणि ती वरून ओरडायची, "बैलले पानी तरी पाजा मंग!"

पोर हुशार होती. सातवी पास झाली तेव्हा गावच्या गुरुजींनी पाटलांना गाठून सांगितलं की हिला नंदुरबारला हायस्कूलात घाला. आईनं, तापीबाईनं, कपाळाला हात लावला. पाटलांनी चार दिवस घेतले. मग एका सकाळी गोठ्यात म्हणाले, "दख कोकी. मोटवर मी सालदार ठेवस. अकरावी एक डावमा पास व्हयनी तं पुढे शिक, तुले कोनी रोकाव नही. नही व्हयनी तं मोट शेच आपली. मंग माले बोलानं नही."

"नही बोलाव," कोकिळा म्हणाली.

तेव्हा तिला वाटलं, यात हरण्यासारखं काय आहे?

नंदुरबारला ती नथमलशेठच्या घरी राहायची. शेठ पाटलांचा कापूस घ्यायचे, वर्षानुवर्षांचं येणंजाणं. शेठाणी पानीबाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. पहिल्याच दिवशी तिनं कोकिळाला कापसाच्या काट्यावर उभं केलं. "देखो तो, बरोबर एक मण! बेटी, तू पोरगी आहे का कापसाचा बोजा?" पुढं चार वर्षं त्या घरात तिचं नाव 'एक मण'. एक मण जेवली का, एक मण आली का.

बाकी विषय ती घोकायची. इतिहास घोकला, इंग्रजी तर आख्खं घोकलं. पण दहावीत मोतीलाल सर विज्ञानाला आले आणि 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा सुरू झाला, तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की घोकावं लागलंच नाही.

सर नवापूरकडचे, बारीक अंगाचे, खडू हातात घेतला की बोलणं थांबायचंच नाही. म्हणाले, "जोर लावला आणि वस्तू हलली, तर कार्य. हंडा डोक्यावर घेऊन दिवसभर एका जागी उभं राहा, कार्य शून्य." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मन्ही आईले सांगू नका, ती हंडा तुमना डोकावर ठेवी!" सगळा वर्ग हसला, सर पण हसले.

मग त्यांनी गणित घातलं. चौसष्ट फुटांवरून दगड सोडला, जमिनीला लागताना वेग किती?

"दगडाचं वजन दिलं नाही सर," कोकिळा म्हणाली. वर्गात दोनच मुली, आणि बोलणारी ही एकटी.

"लागणारच नाही. बघ. वर होता तेव्हा उंचीची ऊर्जा. खाली आला तेव्हा वेगाची ऊर्जा. मधे कुठं सांडली नाही, तर दोन्ही सारख्या. दोन्हीकडे वजन आहे ना? खोड. उडालं." सरांनी दोन्हीकडचं वजन खोडलं. दोन गुणिले बत्तीस, म्हणजे पृथ्वीची ओढ, गुणिले चौसष्ट, त्याचं वर्गमूळ चौसष्ट. फळ्यावर उत्तर असं स्वच्छ उभं राहिलं की कोकिळा बघतच बसली. दगड छोटा असो का बैलाएवढा, उत्तर तेच!

त्या दिवशी घरी जाताना तिला धाव आठवली. बैल खाली जाताना दमत नाहीत, वर चढताना दमतात, मोट रिकामी असून सुद्धा. का? कारण चढताना ते स्वतःचं वजन वर नेतात आणि उतरताना तेच वजन मोटेला ओढायला कामी येतं. आणि नाड्यावर बसणारीचं वजनपण. ती धावेवरून खाली जाते तेव्हा तिची उंची कमी होते, ती ऊर्जा मोटेला मिळते. म्हणजे इतकी वर्षं ती नाड्यावर नुसती बसत नव्हती. काम करत होती, आणि त्याला आकडा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना हे सांगितलं. सर एवढे खूश झाले की पुढच्या तासाला तिलाच फळ्यापाशी उभं केलं. "हिच्याकडून शिका. ही पाठ नाही करत, बघते." मला वाटतं सगळा घोळ तिथंच झाला. सरांची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. पण त्या दिवसापासून कोकिळाला वाटायला लागलं की गणित म्हणजे आपण जे बघितलं ते सगळं आत घालायचं.

अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा मार्चात झाली. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला. एक बैलजोडी चाळीस फूट खोल विहिरीतून पाण्यासह तीनशे वीस पौंडांची मोट वर काढते, तर बैलांनी केलेले कार्य काढा.

आपलाच प्रश्न! कुणीतरी आपल्यासाठीच काढलाय असं वाटलं तिला. तिनं चित्र काढलं. विहीर, चाक, धाव, बैल. आणि नाड्यावर माणूस काढला. तीनशे वीस गुणिले चाळीस, बारा हजार आठशे फूट-पौंड. हे झालं मोटेचं. पण बैलांनी केलेलं विचारलंय ना? मग नाड्यावर बसलेल्याचं वजा करायला हवं. त्याचं वजन प्रश्नात नव्हतं. तिनं स्वतःचं घातलं. एक मण म्हणजे ब्याऐंशी पौंड, वरचे दोन हिशोबाला सोडून दिले. धावेचा उतार घरचा धरला, दहा फूट. ऐंशी गुणिले दहा, आठशे. वजा केले. उत्तर आलं बरोबर बारा हजार.

बारा हजार! गणिताचं उत्तर असं गोल आलं की ते चुकीचं असूच शकत नाही, हे तर शाळेतलं शेंबडं पोर पण सांगेल. तिनं उत्तराभोवती चौकट काढली, आणि पुढच्या गणितातपण जिथं जिथं दोर होता, उतार होता, तिथं तिथं जे दिसलं ते आत घातलं. वेळ त्यातच गेला. शेवटचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

बाहेर मोतीलाल सर उभे होते. "मोटेचं किती आलं?"

"बारा हजार."

"बारा हजार आठशे म्हणायचंय तुला."

"नाही सर. आठशे माणसाचे गेले."

"कोणत्या माणसाचे?"

"नाड्यावरच्या."

सर जवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, "कोकिळा, प्रश्नात माणूस कुठं होता गं?"

"मंग मोट कोनी हाकली, सर?" तिच्या तोंडून घरची भाषाच निघाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, होईल गं, बाकीचं चांगलं गेलं असेल.

निकालाचं वर्तमानपत्र गाडीनं यायचं. स्टेशनावर ही गर्दी. दोधू पाटील धोतराचा सोगा धरून फलाटावर उभे, त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते लेकीच्या तोंडाकडे बघत होते. सरांनी एकदा बोट फिरवलं, परत फिरवलं. नंबर नव्हता. मागून मार्क आले तेव्हा कळलं, सगळ्यांत पास, विज्ञानात थोडक्यात गेली. त्या मोटेच्या गणितानंच गेली का? कुणास ठाऊक. पेपर कुणी परत दाखवत नाही. पण कोकिळानं मनाशी पक्कं केलं की त्यानंच. मी पेपरात स्वतःला नाड्यावर बसवलं आणि मी नापास झाले.

पाटील घरी येईपर्यंत बोलले नाहीत. बोलायचं नाही असं तिनंच कबूल केलेलं, म्हणून तीपण नाही. शेवटी तापीबाईच बोलली, जी शिकवायला नको म्हणत होती तीच. "सालदार आखाजीलोंग शेच ना? मंग ऑक्टोबरनी परीक्षा दी दे पोरले. दोर काय पळी जास का?" खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या गड्याचं, साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, संपतं, हे सगळ्यांना माहीत. त्या साली ठेवलेला माणूस पुढच्या आखाजीपर्यंत होताच. पाटलांनी मान हलवली. "एकच डाव."

कोकिळा परत नंदुरबारला शेठच्या घरी गेली आणि ऑक्टोबरपर्यंत तिनं एकच गोष्ट गिरवली. प्रश्नात आहे तेवढंच. सरांनी पण तेच बजावलेलं. "माणूस सोड. तुझं गाव सोड. दिलेले आकडे घे, गुण आणि पुढं जा." ती पेन हातात घेतली की आधी मनात म्हणायची, माणूस नाही, माणूस नाही. भांडी घासताना म्हणायची. पानीबाई वैतागून म्हणायची, "ए एक मण, कोण नाही? सगळे तर घरात बसले!"

ऑक्टोबरच्या पेपरात मोट नव्हती. एकशे वीस पौंड वजनाचा हमाल साठ पौंडांचं पोतं घेऊन वीस फूट उंच जिना चढतो. हमालाने केलेले कार्य काढा.

तिनं वाचलं. परत वाचलं. माणूस नाही, माणूस नाही. पोत्याचे साठ घेतले, वीसनं गुणले. बाराशे. चौकट.

पेपर देऊन ती जिन्यावरून खाली उतरत होती, परीक्षेच्या शाळेचा दगडी जिना, आणि मधल्याच पायरीवर थांबली. हमाल स्वतः पण वर गेला होता. त्याच्या पायांनी त्यालाही वर नेलं होतं. चढताना बैल दमतात ते का, हे सगळ्या वर्गाला सांगणारी ती! तीन हजार सहाशे उत्तर. ती तिथंच पायरीवर बसली. मागून पोरं येत होती, "ओ ताई, सरका ना, रस्ता शे का धर्मशाळा?" ती सरकली नाही. त्या पोरांनीच तिला वळसा घातला.

ह्या वेळी ती स्टेशनावर निकाल बघायला गेलीच नाही. सर गेले. आणि सर घरी आले नाहीत, त्यावरून समजायचं ते समजलं.

आखाजीला सालदार हिशोब करून गेला. दुसरा ठेवला नाही. कोकिळानं न सांगता बैल सोडले, जू घातलं, आणि मोट विहिरीत सोडली. गावात लिंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी धावेपर्यंत ऐकू येत होती. तिच्या बरोबरीच्या एकीनं येऊन हात ओढला, "चाल ना वं, आजना दिन तरी!" ती नाही म्हणाली. दुरून तिला झोका दिसत होता. वर गेला की मंद, खाली आला की जोरात. कुणी पाय मारायचं थांबवलं की हळूहळू बारीक होत होत थांबायचा. सर म्हणाले होते, ती ऊर्जा नाहीशी नाही होत, दोरीत जाते, फांदीत जाते, हवेत जाते. आहे ती, पण परत गोळा करता येत नाही. परीक्षेत हे कुणी विचारलंच नव्हतं.

ती नाड्यावर बसली. आता बसताना दर वेळी डोक्यात आठशे यायचे. बैल खाली, आठशे. बैल खाली, आठशे. आधी ती नाड्यावर गाणी म्हणायची. ती बंद झाली.

लग्न झालं. रूपचंद घरजावई म्हणून आला, शांत माणूस, बैलांशी जास्त बोलायचा आणि माणसांशी कमी. मुलगी झाली. दोधू पाटील थकले. आणि पासष्टच्या सुमारास विहिरीवर डिझेलचं इंजिन आलं. पहिल्या दिवशी सगळं गाव बघायला. पट्टा फिरला, धूर निघाला, नळीतून पाणी धबाधबा पडलं. मोटेचं कातडं कुणीतरी चपलांसाठी मागून नेलं. म्हातारे पाटील बाजेवर बसून म्हणाले, "कोकी, आते तू मोकळी शे." ते प्रेमानं म्हणाले. पण तिला मारल्यासारखं लागलं. ज्या मोटेपायी सगळं गेलं तीच गेली, आणि आता मोकळी होऊन करायचं काय?

रूपचंद एकदा जेवता जेवता म्हणाला, "बाहेरून परीक्षा देता येस म्हने. तुना सर शेतस ना आजून? जाय, इचारी ये. पोरले मी संभाळसू."

ती कितीतरी दिवस नाही-नाही करत होती आणि मग एक दिवस गेलीच. सर तिथंच होते, केस पिकलेले. तिला बघून ते उठलेच. "ये, ये. बस. फॉर्म मी आणून देतो, तू काळजीच करू नकोस." कौतुकानं त्यांनी नवं पुस्तक पुढं ठेवलं. तिनं तो धडा काढला. फूट नव्हते. पौंड नव्हते. सगळीकडे मीटर, किलोग्रॅम, आणि ज्यूल नावाचं काहीतरी.

"सर, बत्तीस कुठं गेले?"

"आता नऊ पॉइंट आठ. घाबरतेस काय, गोष्ट तीच आहे, माप बदललं फक्त. हे बघ, तोंडी सांग. दहा मीटरवरून घागर पडली. खाली वेग किती?"

तिला माहीत होतं. दोन गुणिले नऊ पॉइंट आठ गुणिले दहा, एकशे शहाण्णव, वर्गमूळ चौदा. उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि ते गोल पण होतं. म्हणूनच ती घाबरली. घागर एवढ्या उंच गेली कशी? कुणी नेली? तो धरायचा की सोडायचा? एकदा धरला तेव्हा चुकलं, एकदा सोडला तेव्हा चुकलं.

सर वाट बघत होते. बाहेर टांगा थांबल्याचा आवाज आला, कुणीतरी उतरलं, भाड्यावरून भांडलं. सर वाटच बघत होते.

"सर," ती शेवटी म्हणाली, "यात माणूस धरायचा का?"

सर हसले, मायेनंच हसले. "अगं वेडे, घागर पडतेय. यात माणूस कुठनं आला?"

ती पण हसली. पुस्तक मिटवून त्यांच्याकडे सरकवलं, पाया पडली. फॉर्म आला की कळवतो म्हणाले, त्यांनी कळवलं पण. ती गेली नाही. रूपचंदनं विचारलं, काय म्हणाले सर? ती म्हणाली, "उत्तर उनं नही." आलं होतं, हे तिनं त्याला कधीच सांगितलं नाही.

सर गेले, रूपचंद गेला. मुलगी सुरतेला, तिचं तिकडंच सगळं. कोकिळाबाई आता ऐंशीच्या पुढं आहेत आणि घरात एकट्या. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याचं डॉक्टर आता काही सांगत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, कुणाची गं तू, आणि मग विचारलं, कितवीला. फिजिक्स म्हटल्यावर हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. त्या बरोबर होत्या असं सांगायला मी गेले नव्हते आणि तुम्ही पण जाऊ नका. दोन्ही वेळा उत्तर चुकलंच होतं, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि खोटी समजूत काढली की त्या लगेच "चाल, चहा पी अन जाय" म्हणतात.

पण जा, नुसतं ऐकायला. नंदुरबारहून प्रकाश्याच्या बसनं तापीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरा आणि कोकिळाबाई कुठं राहतात विचारा, कुणीही दाखवेल. सकाळी जा, दुपारनंतर त्यांना बोलवत नाही. दरवाजा उघडाच असतो. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात आवाज खूप बारीक झालाय, म्हणून सुट्टीत जाऊ, परीक्षेनंतर जाऊ असं करू नका. ह्याच आठवड्यात जा.